ऑपरेशनला वर्षं लोटल्यावर: वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांचा आधारगट कसा चालवावा

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचं पहिलं वर्ष गजबजलेलं असतं. सर्जन, आहारतज्ज्ञ, तपासण्यांच्या तारखा, सैल होत जाणारे कपडे, भेटेल त्याचं कौतुक. तिसऱ्या-चौथ्या वर्षी यातलं बरंचसं थांबतं. फॉलो-अपची एक तारीख हुकते, मग दुसरी. साधारण त्याच सुमारास वजनकाटा थोडा वर सरकू लागतो. विचारपूस सर्वांत जास्त हवी असते तेव्हाच माणूस लाजेपोटी दवाखाना टाळायला लागतो.

अशा लोकांनी एकमेकांसाठी चालवलेला गट म्हणजे उपचार नव्हे. त्याचं काम त्या लाजेशी आहे. म्हणून गटाचा प्रत्येक नियम एकाच प्रश्नावर घासून बघा: वजन वाढलेला सदस्य पुढच्या बैठकीला येईल का?

१. गट कोणाचा, हे आधी ठरवा

शस्त्रक्रियेला किमान दोन वर्षं झालेली माणसं, ही अट ठेवा आणि ती सैल करू नका. बहुतेकांचं वजन एक ते दोन वर्षांत सर्वांत खाली पोचतं आणि नंतर काही प्रमाणात परत येतं. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात गॅस्ट्रिक बायपास (पोटाची लहान पिशवी करून ती थेट आतड्याला जोडणं) झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के घटलं होतं. दहा वर्षांनी ती घट २५ टक्के राहिली. हे दोन आकडे पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहा. ‘फक्त माझंच वाढलं’ असं मनात धरून आलेल्या माणसाचे खांदे ते बघून जरा सैल होतात.

नवे आणि जुने एकत्र बसवले की काय होतं, हे ठरलेलं आहे. नवा सदस्य आनंदाने या महिन्याचे किलो सांगतो, पाच वर्षं झालेला गप्प होतो आणि पुढच्या वेळी त्याची खुर्ची रिकामी असते. नव्यांना जुन्यांची गरज असते हे खरं, पण त्यासाठी वर्षातून एक-दोन वेगळ्या बैठका पुरतात.

शस्त्रक्रियेचा प्रकार मात्र मिसळला तरी चालतो. स्लीव्हवाल्यांना (पोटाचा मोठा भाग काढून नळीसारखं पोट ठेवलेल्यांना) छातीतली जळजळ जास्त सतावते, बायपासवाल्यांना डंपिंग (अन्न आतड्यात झपाट्याने उतरून होणारी मळमळ, धडधड, जुलाब) आणि जेवणानंतर रक्तातली साखर उतरणं, बँडवाल्यांना (पोटाभोवती पट्टा बसवलेल्यांना) बँड सरकणं. कोणाचं कोणतं ऑपरेशन झालं आहे याची नोंद सूत्रधाराकडे, म्हणजे बैठक चालवणाऱ्याकडे, हवी. नाहीतर एकाचा तोडगा दुसऱ्याच्या गळ्यात मारला जातो.

२. माणसं आणि जागा

सहा ते दहा जण हा चांगला आकडा. दीड तासाच्या बैठकीत आठ जणांना प्रत्येकी पाच मिनिटं दिली तरी चाळीस मिनिटं जातात. बारांच्या वर गेलात की बोलके बोलतात आणि बाकीचे माना हलवतात. गट वाढला तर सरळ दोन करा.

सूत्रधार दोन असावेत, एक कधीच नको. एखादा सदस्य रडत बाहेर गेला तर त्याच्यामागे एकाला जावं लागतं आणि खोलीत दुसरा लागतो. निदान एकाची शस्त्रक्रिया झालेली असावी. पूरक गोळ्या, प्रोटीन पावडर किंवा आहारयोजना विकणारा माणूस कितीही प्रेमळ असला तरी सूत्रधार नको. डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ दर बैठकीला नको. त्यांच्यासमोर लोक पुन्हा ‘चांगले रुग्ण’ होऊन बोलतात. तीन-चार महिन्यांतून एकदा प्रश्नोत्तरांसाठी बोलवा आणि एरवी शंका विचारायला एक क्रमांक हाताशी ठेवा.

जागेकडे बहुतेक गट दुर्लक्ष करतात. खुर्च्या भक्कम आणि शक्यतो बिनहातांच्या असाव्यात. खुर्चीत अडकण्याची भीती ज्याने वीस वर्षं जपली, तो वजन परत वाढल्यावर दारातून आधी खुर्चीच बघतो. जिने टाळा. वजनकाटा ठेवू नका. टेबलावर खाणंही नको, पाण्याच्या बाटल्या पुरेत.

३. चार नियम, पहिल्या दिवशी, लेखी

पहिला: फेरीत, म्हणजे प्रत्येकजण पाळीपाळीने बोलतो तेव्हा, किलो सांगायचे नाहीत. ‘वाढतंय’, ‘स्थिर आहे’, ‘काटा बघितलाच नाही’ एवढं चालेल. आकडा आला की तुलना आलीच, ती कोणी बोलून दाखवो न दाखवो. आधी-नंतरचे फोटोही याच कारणाने नकोत.

दुसरा: सल्ला देण्याआधी विचारायचं, ‘काही सुचवू, की नुसतं ऐकू?’ यात वेळ जातो असं वाटतं, पण न मागितलेल्या सल्ल्यानेच गट सर्वांत जास्त मोडतात. ‘काय खाता तुम्ही?’ हा प्रश्न तर पोलीस चौकीतला वाटतो.

तिसरा: औषधाचा डोस कोणी कोणाला सांगायचा नाही. सेमाग्लुटाइड, टिर्झेपेटाइड यांसारखी इंजेक्शनं आता वजन परत वाढलेल्यांनाही दिली जातात, त्यामुळे हा विषय निघणारच. अनुभव सांगा. पेन वाटून घेणं, सुई बदलूनसुद्धा, नाही.

चौथा: इथलं इथेच. अनेकांनी ऑपरेशन घरच्यांपासून किंवा कामाच्या ठिकाणी लपवलेलं असतं. म्हणून मोबाइलवरच्या गटाला साधं, काहीच न सांगणारं नाव द्या. ‘बॅरिॲट्रिक’ (वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचा) हा शब्द लॉक केलेल्या स्क्रीनवर झळकला की गुपित फुटलं.

४. दीड तास कसा वापरावा

पहिली दहा मिनिटं येण्या-बसण्याची. मग फेरी: प्रत्येकाने एक गोष्ट जी जमली आणि एक जी जड गेली. न बोलण्याचा हक्क सगळ्यांना. त्यानंतर तीस मिनिटं ठरलेला एक विषय. शेवटची दहा मिनिटं ‘पुढच्या महिन्यात मी एक काय करणार’ यासाठी. हे पाऊल लहान आणि मोजता येणारं हवं: ‘नीट खाईन’ नव्हे, ‘रक्त तपासणीची तारीख शुक्रवारपर्यंत घेईन’. बैठक महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी. दर महिन्याला वार बदलला की गट महिन्यागणिक गळतो.

५. विषय: वर्षं लोटल्यावर काय येतं

*परत येणारं वजन.* चर्चा इच्छाशक्तीपाशी सुरू होते. तिला तिथून उठवा आणि कारणांच्या यादीकडे न्या. घशाखाली सहज उतरणारे मऊ, गोड, कुरकुरीत पदार्थ पोट भरल्याची जाणीव होऊच देत नाहीत. बिस्किटं, चिप्स, आइस्क्रीम यांत येतात. जेवताना पाणी पिण्याची सवय हळूच परत आलेली असते. दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकणं असतं. झोप कमी असते. स्टेरॉइड, इन्शुलिन, काही मानसिक आजारांची औषधं वजन वाढवतात. कधी कारण शरीररचनेतच असतं: बायपासमध्ये पोटाची पिशवी आणि आतडं यांच्या जोडणीचं तोंड रुंदावतं, किंवा नव्या पिशवीचा जुन्या पोटाशी मार्ग तयार होतो. हे कोणालाही डोळ्यांनी दिसत नाही, एंडोस्कोपी किंवा क्ष-किरण तपासणीत दिसतं. गटाने एवढंच म्हणावं: ‘वाढलं आहे तर दाखवून या, आणि हवं तर आमच्यापैकी कोणी सोबत येईल.’ पाच दिवस पातळ पदार्थ पिऊन ‘पिशवी पुन्हा लहान’ करण्याचे कार्यक्रम गटात चालवू नका. पिशवी त्याने लहान होत नाही, फक्त सहाव्या दिवशी भूक आणि अपराधीपणा दोन्ही वाढतात.

*गोळ्या.* बरं वाटतंय म्हणून जीवनसत्त्वं, लोह, कॅल्शियम यांच्या पूरक गोळ्या थांबतात, आणि घोळ इथेच होतो. बी-१२ जीवनसत्त्वाचा साठा यकृतात काही वर्षं पुरतो; त्यामुळे गोळी आज सोडली तर तळपायाला मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा असं काही बऱ्याच काळाने दिसतं आणि कारण-परिणामाची जोड कोणाच्या लक्षात येत नाही. गटात वर्षातून दोनदा ‘गोळ्यांची बैठक’ घ्या. प्रत्येकाने स्वतःच्या डब्या आणाव्यात आणि मागचं लेबल वाचावं. कॅल्शियम रोज १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागतं, पण एका वेळी ५०० ते ६०० हून जास्त नको. सायट्रेट प्रकार बरा, कारण त्याच्या शोषणाला पोटातल्या आम्लाची गरज लागत नाही. लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तासांचं अंतर हवं, हे बरेच लोक पाळत नाहीत आणि मग ‘लोह घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही’ म्हणतात. चघळायच्या मऊ गोळ्यांमध्ये बहुधा लोह नसतंच. रोजचं प्रोटीन ६० ते ८० ग्रॅम हा सर्वसाधारण पल्ला, तुमचा आकडा आहारतज्ज्ञ देतील. रक्त तपासणी वर्षातून एकदा, आयुष्यभर. तिची तारीख लावण्याचं काम त्याच बैठकीत, फोन हातात असताना उरका.

*दारू.* हा विषय कोणी काढत नाही, म्हणून तो सूत्रधाराने काढायचा. बायपासनंतर दारू झपाट्याने रक्तात चढते आणि कमी पेल्यांत जास्त नशा येते. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दारूच्या आहारी जाण्याचं प्रमाण पहिल्या वर्षात वाढलं नव्हतं, दुसऱ्या वर्षी वाढलं. म्हणजे सगळे निर्धास्त झाल्यावर. ज्यांनी आधी कधी त्रास भोगला नव्हता, त्यांच्यातही हे होतं. ‘अन्नाची जागा दुसऱ्या कशाने घेतली आहे का?’ असा मोकळा प्रश्न ठेवा. उत्तरं खरेदी, सिगारेट, जुगार यांपर्यंतही जातात.

*साखर उतरणं.* गोड किंवा पिठाळ खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. हे बहुधा ऑपरेशनला वर्ष उलटल्यावर सुरू होतं. लोक त्याला ‘अशक्तपणा’ म्हणतात आणि गोड खातात. त्याने साखर चढते आणि पुन्हा कोसळते. वेळ, खाल्लेला पदार्थ आणि जमलं तर ग्लुकोमीटरचा आकडा असं पंधरा दिवस लिहून डॉक्टरांकडे न्यावं.

सैल कातडी, बदललेलं सहजीवन, जोडीदाराचा संशय, ‘आता तरी खूश ना?’ हा घरचा टोमणा, यांना वेगळ्या बैठका लागत नाहीत. फेरीतच ते आपसूक निघतात.

६. गटाचं काम जिथे संपतं

ही यादी भिंतीवर लावा, मोबाइलच्या गटात चिकटवून ठेवा.

– बायपासनंतर कितीही वर्षांनी पोटात एकाएकी तीव्र किंवा येऊन-जाऊन कळा: आतडं आतल्या फटीत अडकलेलं असू शकतं. थेट तातडीच्या विभागात, आणि पोचल्याबरोबर ऑपरेशनचा प्रकार सांगायचा.
– काही दिवस न थांबणारी उलटी: बी-१ जीवनसत्त्व म्हणजे थायमिन झपाट्याने संपतं. दोन-दोन दिसणं, चालताना झोकांड्या, गोंधळलेपण ही मेंदूला धोका असल्याची लक्षणं. ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन हवं, हे बरोबरच्याने आठवण करून द्यावं.
– काळी, डांबरासारखी शौच: व्रणातून रक्तस्राव असू शकतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांनी आणि सिगारेटने बायपासवाल्यांत हा धोका वाढतो.
– जगणं नको वाटतंय अशी भाषा: सरळ विचारा, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. एक सूत्रधार सोबत बसतो, दुसरा मदतक्रमांक आणि घरच्या माणसाला फोन लावतो. त्या माणसाला एकटं घरी सोडू नका.

पहिल्या बैठकीत प्रत्येकाकडून पाकिटात मावेल असं कार्ड भरून घ्या: कोणतं ऑपरेशन, कोणत्या साली, सर्जनचा क्रमांक, कोणती वेदनाशामकं नकोत, उलटी चालू असेल तर ग्लुकोजआधी थायमिन. बायपास झालेल्या गर्भवतींनी त्यात आणखी एक ओळ घालावी: ग्लुकोजचं पाणी पिऊन करायची मधुमेहाची चाचणी नको, दुसरा मार्ग डॉक्टरांना विचारावा. पुढे एखाद्या अनोळखी रुग्णालयात, तोंडातून शब्द फुटत नसताना, हे कार्ड बोलतं.

७. जो आला नाही, त्याचं काय

गैरहजेरी हीच बातमी असते. एखादा सदस्य न कळवता आला नाही, तर आठवड्याच्या आत एका माणसाने, सगळ्यांनी मिळून नव्हे, खासगी संदेश पाठवावा. शब्द आधी ठरवून ठेवा, म्हणजे ओघात ‘का आला नाहीत?’ जात नाही. उदाहरणार्थ: ‘या वेळी तुमची खुर्ची रिकामी होती. काही सांगायला हवंच असं नाही. काटा काहीही दाखवो, पुढच्या महिन्यात जागा आहे.’ उत्तर नाही आलं तर पुढच्या बैठकीच्या दोन दिवस आधी दुसरा संदेश, नंतर एक फोन. त्यापुढे पाठलाग नको. मोबाइलच्या गटातून मात्र काढू नका. सहा महिन्यांनी परत आलेल्या माणसाला ‘एवढे दिवस कुठे होतात?’ म्हणू नका. फेरीत त्याची पाळी आली की इतरांइतकीच पाच मिनिटं द्या.

मोबाइलच्या गटात विक्री, फॉरवर्ड केलेले आहारतक्ते आणि रात्री दहानंतरचे संदेश बंद. रक्ताच्या रिपोर्टचे फोटो टाकून ‘हे नॉर्मल आहे का?’ विचारणं सुरू झालं की त्याच दिवशी थांबवा, कारण दहा जण दहा उत्तरं देतात आणि विचारणारा त्यातलं सर्वांत आवडीचं उचलतो.

८. नोंदवही

दर बैठकीनंतर दोन्ही सूत्रधारांनी दहा मिनिटं थांबून तीन गोष्टी लिहाव्यात: किती आले, खंड पडून कोण परत आलं, कोणाची वार्षिक तपासणी झाली. वजनाचा रकाना आखू नका. वर्षाने एक सूत्रधार बदला, दुसरा त्यापुढच्या वर्षी. दोघं एकदम सोडून गेले तर वहीही त्यांच्याबरोबर जाते, म्हणून तिची प्रत तिसऱ्या कोणाकडे तरी ठेवा.