फ्लोरेन्सहून सिएना आणि कियांतीची एकदिवसीय सहल ठरवताना

मार्गदर्शकासह जाणाऱ्या सहलीची नोंदणी करताना ठिकाणांची यादी किती लांब आहे यापेक्षा प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष किती वेळ मिळणार आहे, हे आधी विचारून घ्यावे. सिएना व सान जिमिन्यानो ही जुनी गावे आणि कियांती या वाइनच्या प्रदेशातला द्राक्षमळा यांच्या जोडीला पिसाही कोंबलेल्या सहलीत निम्मा दिवस बसमध्येच जातो. पिसा खुशाल वगळावे, कारण तिथे फ्लोरेन्सहून रेल्वेने तासाभरात पोहोचता येते. दोन्ही जुन्या गावांत बस तटाबाहेरच थांबते आणि पुढचा फरसबंद चढ पायीच चढावा लागतो, त्यामुळे नवे कोरे बूट टाळावेत. २ जुलै आणि १६ ऑगस्टला सिएनाच्या चौकात पालिओ ही घोड्यांची शर्यत होते. निवांत फिरायचे असल्यास त्या तारखा सोडाव्यात.

मळ्यात वाइनसोबत बहुधा डुकराच्या खारवलेल्या मांसाचे काप आणि पेकोरिनो हे मेंढीच्या दुधाचे चीज वाढतात. ते चीज सहसा प्राणिज रेनेटने, म्हणजे जनावराच्या जठरातून काढलेल्या विरजणाने, विरजलेले असते, म्हणून काटेकोर शाकाहारी मंडळींनी नोंदणीच्या वेळीच तसे कळवावे. बाटली विकत घ्यायची झाल्यास काळ्या कोंबड्याचे चिन्ह पाहावे. ‘कियांती क्लासिको’ या वाइनची ती खूण असून त्या वाइनमध्ये किमान ८० टक्के सांजोवेझे द्राक्षे असतात.