आमेन म्हटल्यावरची पंधरा मिनिटं

चालढकल करणारा माणूस रिकामा बसलेला क्वचितच दिसतो. तो कपाट आवरतो, दुसऱ्यांची कामं हौसेने करून देतो आणि श्रद्धाळू असेल तर टाळलेल्या कामाबद्दल प्रार्थनाही करतो. ‘प्रभूची इच्छा कळली की सुरू करतो’ असं म्हटलं की मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सहसा कोणी उलट विचारत नाही, म्हणून ही सबब फार टिकते. इ.स.पू. ५२० मध्ये हाग्गय संदेष्ट्याच्या काळी यरुशलेमचे लोकही असंच म्हणत होते: मंदिर बांधायची वेळ अजून आली नाही. स्वतःच्या घरांना मात्र लाकडी तक्तपोशी करून झाली होती.

तेव्हा आधी कागद घ्या आणि टाळलेलं एकच काम लिहा. पाच लिहिलीत तर त्यातलं सोपं उचलाल. त्याखाली लिहा: या कामाबद्दल देवाकडून नेमकं काय कळायचं राहिलंय? उत्तर एका वाक्यात येत नसेल, तर बहुधा काहीच राहिलेलं नाही. आता तिसरी ओळ: ‘मी हे टाळतो, कारण...’ इथे ‘आळस’ हा शब्द लिहायचा नाही. तो खरा असला तरी त्यावरून उपाय सापडत नाही.

बहुतेक वेळा कारण भीती निघतं. बायबलमध्ये मत्तय २५ मधल्या दाखल्यात मालक तीन चाकरांकडे धन सोपवून जातो. तिसरा चाकर ते जमिनीत पुरतो आणि हिशेबाच्या वेळी सांगतो की, मला भीती वाटली. मालक त्याला आळशी म्हणतो. भीती आणि आळस एकाच माणसात, एकाच दाखल्यात. त्याची खरी चूक आधीची होती: मालक कठोर आहे हे त्याने धरूनच ठेवलं होतं. काम बिघडलं तर देवाच्या नजरेतून उतरू, असं मनात बसलेला माणूस कामाला हातच लावत नाही. अशा वेळी मोठ्याने म्हणा, ‘निकाल काहीही लागो, मी देवाचं लेकरू आहेच’, आणि मुद्दाम कच्चा, वाईट मसुदा लिहा. दहा ओळी पुरेत.

‘परिस्थिती जुळली की करू’ हे कारण असेल तर बायबलमधलं उपदेशक ११:४ वाचा. वारा बघत बसणारा पेरणी करत नाही. कागदावर लिहा की काम सुरू करायला कमीत कमी काय लागतं. बरेचदा ते सगळं आधीपासूनच हाताशी असतं.

कंटाळ्याचं निदान मात्र सर्वांत बारकाईने केलं ते चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या साधूने. भर दुपारी साधूला दिवस पन्नास तासांचा वाटू लागतो, तो खिडकीबाहेर डोकावतो, जेवणाची वेळ किती दूर आहे म्हणून सूर्याकडे बघतो, दुसरी जागा बरी असं त्याला वाटतं आणि सोबतच्या बंधूंमध्ये प्रेमच उरलं नाही असाही विचार येतो. फोन सोडला तर यात आजचं काय कमी आहे? त्या साधूंचा उपाय होता खोली न सोडण्याचा, आणि हाताचं काम व प्रार्थना आलटून पालटून करण्याचा. म्हणजे कंटाळा आला तरी ठरलेली वेळ संपेपर्यंत खुर्ची सोडायची नाही.

थकव्याला वेगळं वागवा. १ राजे १९ मध्ये खचलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूत उपदेश करत नाही. झोपू देतो, खायला देतो, पुन्हा झोपू देतो. झोप झाली नसेल तर पुढची कुठलीच पायरी चालत नाही. आणि कित्येक आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांकडे जा. तो विश्वासातला कमीपणा नव्हे.

कधी कधी कारण असं निघतं की हे काम मुळात करायचंच नव्हतं, भिडेखातर ‘हो’ म्हटलं होतं. मत्तय २१ मधला एक मुलगा बापाला ‘जातो’ म्हणतो आणि जात नाही. अशा कामाचं वेळापत्रक करू नका. आजच स्पष्ट नकार कळवा. ज्याला कळवायचं तो ताटकळत असतो. रोमी सुभेदार फेलिक्सने कैदेतल्या प्रेषित पौलाला ‘सवड झाली की बोलावतो’ म्हटलं, आणि पौल दोन वर्षं कैदेतच राहिला.

कारण सापडलं की कामाचा तुकडा पाडा. पर्शियाच्या राजाच्या पदरी असलेल्या नहेम्याने यरुशलेमचा पडका तट ५२ दिवसांत पुरा केला. नहेम्या ३ मध्ये कोणी कुठला भाग बांधला याची लांबलचक यादी आहे, आणि त्यात कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा भाग घेतला होता. ‘अहवाल पूर्ण करणे’ हा सगळा तट झाला. ‘फाईल उघडून पहिल्या तक्त्यातले आकडे भरणे’ हा घरासमोरचा तुकडा. पहिली हालचाल दोन मिनिटांत, हातांनी करता येईल अशी हवी. ‘विचार करणे’ ही हालचाल नव्हे.

आता वेळ ठरवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, १५ मिनिटांचा गजर लावा आणि एका श्वासाची प्रार्थना करा: ‘प्रभू, एवढं काम, तुझ्यासमोर, आत्ता.’ आमेन म्हणताना हात कामावर असला पाहिजे. तट बांधायला निघण्याआधी पर्शियाच्या राजाने ‘तुला काय हवं?’ विचारल्यावर नहेम्याने मनात प्रार्थना केली आणि लगेच उत्तर दिलं. त्याआधी कित्येक दिवस त्याने उपास आणि प्रार्थना केली होती, हे खरं. पण राजासमोर तो तेवढा थांबला नाही. लांब प्रार्थना आणि शास्त्रवाचन सकाळच्या वेळी ठेवा. कामाच्या तोंडावर ‘एक अध्याय वाचून बसतो’ म्हणालात तर ती पळवाटच समजा. गजर वाजला की थांबायची मुभा आहे. पाच मिनिटं उठून दुसरी फेरी करा. पहिल्या आठवड्यात दिवसाला दोनच फेऱ्या, उत्साह आला तरी. सोमवारी सहा फेऱ्या करणारा बुधवारी एकही करत नाही.

सोबतीला एकच माणूस घ्या. सुरू करताना आणि संपल्यावर त्याला एका ओळीचा निरोप द्या. मंडळीच्या ग्रुपवर ‘माझ्या कामासाठी प्रार्थना करा’ असं टाकू नका. सहानुभूती मिळाली की काहीतरी केल्यासारखं वाटतं आणि काम तिथेच राहतं.

रात्री पाच मिनिटं दिवसाची उजळणी करा. सोळाव्या शतकात जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने ही सवय शिकवली. आज कशाबद्दल आभार, कुठे टाळलं, उद्याची पहिली हालचाल कोणती, एवढंच. कबुली नेमकी द्या. ‘मी आळशी आहे’ असं नको. ‘तीन वाजता फाईल उघडायची होती, बातम्या वाचल्या’ असं म्हणा. मग क्षमा मागा आणि झोपा. तासभर स्वतःला कोसत बसलात तर दुसऱ्या दिवशी त्या कामाची आठवणही नकोशी होते. इजिप्तभर बेडूक माजले होते तेव्हा, ते कधी घालवू, असं मोशेने विचारल्यावर तिथला राजा फारो ‘उद्या’ म्हणाला आणि आणखी एक रात्र बेडकांत काढली. तुमच्या उद्यापुढे मात्र वेळ लिहा: ‘उद्या, १०:१५, टेबलाशी.’

साचलेलं काम उरकायला लोक विसाव्याचा दिवस सगळ्यांत आधी मोडतात, आणि पुढच्याच आठवड्यात सगळी घडी विस्कटते. आदल्या संध्याकाळी अर्धवट राहिलेल्या कामांची पहिली हालचाल वहीत लिहा, वही मिटा, आणि विसावा संपेपर्यंत उघडू नका.