जेआरएफ लागली, पण पैसे?

जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची यूजीसीची ज्युनियर रिसर्च फेलोशिप, लागली तेव्हा आईनं गावभर पेढे वाटले. मग सुरू झालं, "काहून रे, तुया पगार कई होते?" पहिले तीन महिने पैसे आलेही. पुढचे आठ महिने खात्यात दमडी नाही.

आकडे तुम्हाला माहीतच असतील. 1 जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37,000, नंतर एसआरएफ (सिनियर रिसर्च फेलोशिप) झाली की 42,000. होस्टेलला नसाल तर घरभाडं वेगळं. आमच्यासारख्या सामाजिक शास्त्रवाल्यांना किरकोळ खर्चाचे सुरुवातीला वर्षाला 10,000. घरी हे आकडे सांगताना जरा बेतानंच सांगा, कारण ते मंजूर होणं आणि हातात पडणं यात फार अंतर आहे.

ही एक गोष्ट नीट समजून घ्या. फेलोशिप आपोआप दर महिन्याला पडत नाही. हा पोरगा या महिन्यात संशोधन करत होता, हे तुमच्या संस्थेला कॅनरा बँकेच्या पोर्टलवर दर महिन्याला कळवावं लागतं. एक जण माहिती भरतो, तो मेकर. दुसरा मंजुरी देतो, तो चेकर. दोघांपैकी एकानं जरी केलं नाही तरी त्या महिन्याचे पैसे अडकले. तुमच्या कागदात काही खोट असायची गरजच नाही. माझ्या संशोधन केंद्रातले मेकर बाबू निवृत्त झाले आणि लॉगिन कोणाकडेच नव्हतं. मी मात्र दिल्लीला यूजीसीकडे ईमेलवर ईमेल करत बसलो. गाइड म्हणायचे, "होईल, धीर धर." शेवटी बाबूंच्या गावी गेलो. त्यांनी जुनी एलआयसीची डायरी काढली, मागच्या पानावर पेन्सिलीनं पासवर्ड लिहिलेला. तोवर बुढ्यानं, म्हणजे माझ्या बापानं, माझ्या खोलीभाड्यासाठी ओलं सोयाबीन विकलं होतं, ओल दाखवून व्यापाऱ्यानं भाव पाडला तो पाडलाच.

म्हणून जॉइनिंगच्या दिवशीच मेकर कोण, चेकर कोण हे विचारून ठेवा. "सर पाहतील" यावर राहू नका. गाइड प्रबंधासाठी असतो. बहुतेकांनी ते पोर्टल उघडूनही पाहिलेलं नसतं, आणि जे "माझी वर ओळख आहे" म्हणतात त्यांच्यापासून तर चार हात लांबच राहा.

घाबरू नका, पैसे बुडत नाहीत. माझे आठही महिन्यांचे 2 लाख 96 हजार एकदम जमा झाले. घरभाड्याचं भांडण अजून चालू आहे. पण हाताशी सहा महिन्यांची सोय असल्याशिवाय अमरावती-नागपुरात खोली करू नका.

या काळात कोणीतरी हमखास सांगतं, "सीएचबीवर तासिका घे, कोणाले कळते?" सीएचबी म्हणजे कॉलेजात तासांवर मानधन घेऊन शिकवणं. घेऊ नका. दुसरीकडून मानधन घेत नाही असं लिहून दिलेलं असतं. उघडकीस आलं तर वसुली लागते, आणि तालुक्याच्या गावात काय लपतं?

जेआरएफ नसली तर फेलोशिप देणाऱ्या राज्याच्या संस्था आहेत. अनुसूचित जातींसाठी बार्टी आणि ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती आहे. तशाच सारथी या संस्थेच्या यादीत मराठ्यांसोबत कुणबीही आहेत, हे आपल्याकडच्या कित्येक पोरांना जाहिरातीची मुदत संपल्यावर कळतं. सामाजिक शास्त्रात असाल तर आयसीएसएसआर या संशोधन परिषदेची महिना 20,000 ची फेलोशिपही पाहा. जात वैधता आणि नॉन-क्रिमिलेअर आजच काढून ठेवा. जाहिरात आल्यावर सेतूच्या रांगेत लागलात तर संपलं.

माझी दोन वर्षं येत्या जूनमध्ये भरतात. एसआरएफसाठी तिघांची समिती बसावी लागते, त्यातला एक बाहेरचा तज्ज्ञ. त्यांची तारीख अजून मिळालेली नाही. दर 1 तारखेला मी ऑफिसात जातो. या महिन्यात नवे बाबू मला दारातच पाहून म्हणाले, "झालं बावा तुमचं, केलं सकाळीच."