दिवसा उजळणारे दिवे: डीआरएलचा उपयोग आणि त्यांच्या मर्यादा

नव्या मोटारींपैकी बऱ्याच गाड्यांत इंजिन सुरू होताच पुढे पांढऱ्या प्रकाशाच्या दोन पट्ट्या आपोआप उजळतात. त्यांना डे-टाइम रनिंग लाइट किंवा नुसते डीआरएल म्हणतात. शोरूममध्ये त्यांच्या आकाराचेच कौतुक अधिक होत असल्याने ती सजावट आहे असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात हे दिवे चालकाला रस्ता दिसावा म्हणून नसून समोरच्याला आपली गाडी लवकर दिसावी म्हणून असतात, आणि हे काम ते फक्त पुढच्या बाजूने करतात.

ही कल्पना उत्तर युरोपातली आहे, कारण तिथे हिवाळ्यात सूर्य दिवसभर क्षितिजालगतच असतो. स्वीडनने 1977 मध्ये दिवसाही दिवे लावणे सक्तीचे केले, आणि युरोपीय संघाने फेब्रुवारी 2011 पासून मोटारींच्या नव्या मॉडेलना डीआरएल बंधनकारक केले. आपल्याकडे लख्ख ऊन असताना त्यांची गरज काय, हा प्रश्न रास्त वाटतो. परंतु दुपदरी रस्त्यावर वडाच्या दाट सावलीतून येणारी करडी गाडी उन्हात बसलेल्या डोळ्यांना किती उशिरा दिसते, हे ओव्हरटेक करू पाहणाऱ्याला विचारावे. सकाळ-संध्याकाळी सूर्य आपल्या पाठीशी असला की आपल्याला सारे स्वच्छ दिसते, मात्र समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर तिरीप पडलेली असते आणि आपली गाडी त्या झगमगाटात हरवते. अशा वेळी दोन ठळक बिंदू नजरेच्या कडेलाही जाणवतात. भारतात 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा दिवा सतत चालू राहतो, तोही याच कारणासाठी. त्या काळात पंजा उघडझाप करून ‘दिवा चालू राहिलाय’ असे सांगणारे हितचिंतक दुचाकीस्वारांना चौकाचौकात भेटत असत.

गाडी आपली असली तरी तिचे दिवे नेमके कसे वागतात हे एकदा तपासून घ्यावे. संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करून इंजिन सुरू करावे, दिव्यांची कळ बंद ठेवावी आणि खाली उतरून गाडीभोवती एक फेरी मारावी. पुढे डीआरएल उजळलेले आणि मागे टेललाइट पूर्ण बंद, असे दृश्य बहुतेक गाड्यांत दिसेल. मग हेडलाइट लावून पाहावे: डीआरएल मंद होतात किंवा विझतात, कारण रात्री त्यांचा पूर्ण प्रकाश समोरच्याला खुपतो. काही गाड्यांत इंडिकेटर दिला की त्या बाजूचा डीआरएलही मंद होतो. तो बिघाड नसून इंडिकेटर उठून दिसावा यासाठी केलेली सोय आहे.

खरा धोका अपुऱ्या उजेडात उद्भवतो. डॅशबोर्ड सदैव उजळलेला असतो, शहरात रस्त्यावरच्या दिव्यांमुळे पुढचे दिसत असते, आणि त्यामुळे हेडलाइट लावले आहेत अशी चालकाची समजूत होते, तर मागून येणाऱ्या ट्रकला मात्र काळोखात एक काळी आकृती तेवढी असते. म्हणून बोगद्यात शिरताना, पाऊस सुरू होताच आणि सूर्य मावळण्याआधीच लो बीम हाताने लावावा. त्याबरोबर टेललाइटही लागतात. सेन्सरच्या साहाय्याने दिवे आपोआप लावणाऱ्या ‘ऑटो’वर विसंबून राहणे इथे फसवे ठरते, कारण तो सेन्सर उजेड मोजतो, किती लांबचे दिसते ते मोजत नाही. आंबोली किंवा माळशेज घाटातले भरदुपारचे धुके पांढरेशुभ्र आणि उजळ असते, त्यामुळे सेन्सरच्या लेखी तो स्वच्छ दिवसच असू शकतो. धुक्यात हाय बीम टाळावा, कारण तो प्रकाश धुक्यावरून परतून आपल्याच डोळ्यांवर येतो. चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून घाट उतरण्याची सवय तर सोडूनच द्यावी. वळताना आपण कोणत्या बाजूला जाणार हे मग कुणालाच कळत नाही.

गाडीला डीआरएल नसतील तर दिवसा लो बीम लावून चालवल्याने तोच हेतू साधतो. पार्किंग लाइट त्यासाठी फार मंद पडतात. हॅलोजनचे दोन दिवे साधारण 110 वॉट वीज घेतात, एलईडी डीआरएलना त्यामानाने फारच थोडी लागते, पण इंजिन चालू असताना हा भार सहज पेलतो. बाजारातल्या स्वस्त एलईडी पट्ट्या बसवण्याचा मोह मात्र आवरावा. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार डीआरएलचा प्रकाश पांढरा आणि 400 ते 1200 कँडेला तीव्रतेचा असावा लागतो. निळ्या किंवा रंग बदलणाऱ्या पट्ट्या या निकषांत बसत नाहीत, आणि हेडलाइटच्या वायरिंगला जोड मारून त्या बसवल्यास गाडीची वॉरंटीही अडचणीत येते.

देखभाल फारशी नसते. काचेवरचा चिखल पुसावा आणि दोन्ही बाजू सारख्या उजळतात ना, हे अधूनमधून पाहावे. एका बाजूचा डीआरएल बंद पडला असेल तर दुरुस्ती लांबणीवर टाकू नये, कारण समोरून पाहणाऱ्याला लांबून ती एखादी दुचाकी वाटते आणि तो त्या अंदाजाने ओव्हरटेकला बाहेर पडतो. दुरुस्त होईपर्यंत दिवसाही लो बीम लावूनच गाडी चालवावी.