सात हजारांत हॉल: जुनी फायरप्लेस आणि रंगवलेली दारं-खिडक्या घरीच कशी सुधारावीत

पाचगणीला माझी आत्या राहते त्या जुन्या बंगल्याच्या हॉलमध्ये फायरप्लेस आहे. आत्या तिला ‘भिंतीतली चूल’ म्हणते. गेली कित्येक वर्षं त्या चुलीत रद्दी, मोडक्या छत्र्या आणि एक बंद पडलेला मिक्सर सुखानं नांदत होता. आधी राहून गेलेल्या कुणीतरी जांभ्याच्या दगडांवर चॉकलेटी ऑइल पेंट फासलेला. दारं-खिडक्यांवर तर रंगाचे इतके थर, की चौकटीवरच्या नक्षीच्या कडा बुजून गेल्या होत्या. एका ठेकेदाराला दाखवलं. त्यानं फायरप्लेसला टाइल्स आणि दारांना लॅमिनेट सुचवून ८०,००० रुपयांचा आकडा सांगितला. दिवाळीनंतर आम्ही घरीच हात घातला. धुराड्यासाठी एक गवंडी आणि रंगाला दोन दिवस एक पेंटर, एवढीच बाहेरची मदत. सगळा खर्च सात हजारांच्या आसपास आला.

फायरप्लेस असलेली घरं आपल्या सातारा जिल्ह्यात मुख्यतः महाबळेश्वर-पाचगणीला, इंग्रजांच्या काळात बांधलेली. सातारा शहरात किंवा सांगलीत तुमचा वाडा असेल तर लाकडाच्या भागापासून वाचा. सागवानी दाराला पाचगणीचं आणि सांगलीच्या गावभागातलं औषध एकच.

आधी ठरवा: पेटवायची की नाही?

रंग कुठला, दगड कसा, हे सगळं यानंतर. पेटवायची असेल तर आतल्या भागाला साधा रंग, साधं सिमेंट, टाइल्स काहीच चालत नाही. नुसती शोभेला ठेवायची असेल तर काम निम्म्यानं कमी होतं.

धुराडं मोकळं आहे का हे बघायला उदबत्ती पुरते. हॉलची एक खिडकी किलकिली ठेवा, तीन-चार उदबत्त्या एकत्र पेटवून चुलीच्या आत वरच्या बाजूला धरा. धूर सरळ वर ओढला गेला तर रस्ता मोकळा. तिथंच घुटमळून खोलीत आला तर वर पक्ष्याचं घरटं, पडलेली वीट किंवा काजळीचा गठ्ठा आहे असं समजा. आमच्याकडे घरटंच निघालं, तेही दोन मजली. गवंड्यानं छपरावरून दोरीला वजन आणि तारेचा ब्रश बांधून वरखाली केलं. खाली चुलीच्या तोंडावर आम्ही ओली चादर ताणून धरली होती. चादर कोरडी असेल तर काजळी हॉलभर होते, हे आम्हाला पहिल्या पाच मिनिटांत कळलं. आणि कुणालाही छपरावर चढवण्याआधी धुराड्याच्या तोंडाशी आग्यामाशांचं पोळं नाही ना, हे खालून नीट बघून घ्या.

धुराडं मोकळं नसताना, किंवा खिडक्या-दारं गच्च लावून, कधीही आग पेटवू नका. कोळशाच्या शेगडीचंही तेच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

पेटवायची नसेल तर धुराडं वरून झाका, पण हवाबंद करू नका. महाबळेश्वर-पाचगणीचा पाऊस आडवा येतो. धुराड्याच्या तोंडावर पत्र्याची टोपी बसवून बाजूंनी हवेला फटी ठेवल्या नाहीत तर आत ओल कोंडते आणि दोन पावसाळ्यांत समोरच्या भिंतीला पोपडे धरतात. धुराडं पाडायचा विचार असेल तर तो नगरपालिकेत विचारूनच करा. हा सगळा भाग २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. आमचं म्हणाल तर पाडूच नका.

दगड

पाचगणीच्या टेबललँड पठारावर तुम्ही चालता तोच जांभा या घरांच्या भिंतीत आहे. खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की कडक होतो, आणि अंगभर भोकं. त्या भोकांतून भिंतीतली ओल बाहेर पडते. म्हणून त्यावर ऑइल पेंट मारणं म्हणजे भिंतीला रेनकोट आतून घालणं.

नुसती काजळी असेल तर आधी कोरड्या ब्रशनं झाडा. ओलं फडकं आधी लावलंत तर काजळी भोकांत कायमची मुरते. मग अर्धी बादली गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, नायलॉनचा ब्रश, हातमोजे. घासा, स्वच्छ पाण्यानं पुसा, वाळू द्या, पुन्हा घासा. ॲसिड वापरू नका. बाथरूमच्या फरशीचं ॲसिड दगडही खातं आणि जुना चुनाही.

रंग फासलेला असेल तर पेंट रिमूव्हर लागतो. सगळ्या खिडक्या उघड्या, हातमोजे, चष्मा, आणि एका वेळी दोन-तीन दगड. रंग फुगला की पातळ पट्टीनं आणि नायलॉनच्या ब्रशनं काढायचा. ग्राइंडरला तारेची चकती लावून ‘एका तासात करतो’ म्हणणारा भेटेल. त्याला चहा पाजून परत पाठवा; ती चकती दगडाची कडक झालेली साल उडवते आणि मग आयुष्यभर लाल भुकटी झाडत बसावं लागतं. भोकांतला रंग शंभर टक्के निघत नाही. आमच्या दगडांत अजून चॉकलेटी ठिपके दिसतात, आणि दोन फुटांवरून ते जांभ्याचेच वाटतात.

चुलीच्या आतला काळेपणा तसाच राहू द्या. तिथल्या सांध्यांतला माल निघाला असेल तर सिमेंट भरू नका, आचेनं ते तडकतं. फायर क्ले, म्हणजे आच सोसणारी माती, आणा. वाईच्या साध्या हार्डवेअरमध्ये ती मिळाली नाही. फाउंड्रीला माल पुरवणाऱ्या दुकानात मिळते, तिथंच भट्टीच्या विटाही मिळतात. तळाच्या आठ विटा आम्ही बदलल्या. लोखंडी जाळी तारेच्या ब्रशनं घासून तिला उष्णता सहन करणारा काळा रंग दिला. डब्यावर किती अंशांपर्यंत टिकतो ते लिहिलेलं असतं. ६०० वाला घ्या.

लाकूड: रंग काढायचा की त्यावरच द्यायचा?

खाली सागवान आहे हे कळलं की प्रत्येकाला सगळा रंग काढून पॉलिश करावंसं वाटतं. मलाही वाटलं होतं. एका दाराच्या नक्षीतला रंग काढायला पूर्ण दीड दिवस गेला, तेव्हा बाकीच्या पाच दारांनी मला शहाणं केलं. बजेट कमी असेल तर एकच गोष्ट उघडी करा, हाताशी आणि नजरेसमोर असलेली. आम्ही फायरप्लेसवरची फळी निवडली. तिचा रंग काढून जवसाचं उकळलेलं तेल दिलं: पातळ हात, पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्यानं पुसायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. या तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात, ही दंतकथा नाही. पाण्यात बुडवून ठेवा किंवा बाहेर तारेवर पसरून वाळवा. आणि फळी आगीच्या तोंडापासून निदान फूटभर वर असू द्या.

बाकी सगळ्यावर रंगच. मात्र पैसे वाचतात ते रंगाच्या डब्यात नाही, घासण्यात. नीट घासलेल्या दारावर साधा ऑइल पेंट वर्षानुवर्षं टिकतो. न घासलेल्या चकचकीत थरावर भारीतला डबा ओतलात तरी पुढच्या पावसाळ्यात तो सालीसारखा सुटतो.

घासण्याआधी एक गंभीर गोष्ट. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नसावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असेल असं धरूनच चाला. कोरडा पॉलिश पेपर मारू नका, मशीन लावू नका, हीट गनही नको. वॉटर पेपर घ्या, तो आणि लाकूड सतत ओलं ठेवा, चांगला मास्क लावा. लहान मुलं आणि गरोदर बाई असेल तर काम संपेपर्यंत त्यांनी दुसऱ्या घरी राहावं. जमिनीवर प्लास्टिक अंथरा, झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसा. निघालेले पोपडे पिशवीत बांधा. रंग लागलेलं लाकूड किंवा ते पोपडे फायरप्लेसमध्ये जाळायचा मोह होतो. तो आवरा, शिसं धुरातून घरभर होईल.

क्रम असा. आधी कड्या, मुठी, जमतील त्या बिजागऱ्या काढून डब्यात ठेवा. बिजागऱ्यांवर रंग मारणारा पेंटर आमच्याकडे आलाच होता, म्हणून सांगतो. रंगानं चिकटून बसलेल्या खिडक्यांना हिसका देऊ नका, फटीतून ब्लेड फिरवा. साबणाच्या पाण्यानं तेलकट हात-डाग धुवा. मग १२० नंबरचा पेपर, शेवटी २२०. सगळा जुना रंग काढायचा नाही, फक्त चमक मरेपर्यंत घासायचा. सुटलेला भाग मात्र पट्टीनं पूर्ण खरवडायचा. चौकटीच्या तळाशी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर वाळवी आहे, आधी सुतार बोलवा. उघड्या लाकडावर वुड प्रायमर, तो वाळला की खड्ड्यांत लांबी (पुट्टी), लांबी घासून पुन्हा तेवढ्यावर प्रायमर. लांबी थेट लाकडावर भरलीत तर लाकूड तिच्यातलं तेल पिऊन टाकतं आणि ती निखळते.

वास कमी म्हणून पाण्याचा रंग द्यायचा असेल तर खाली काय आहे ते तपासा. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन चोळा. रंग बोळ्याला लागला तर खाली पाण्याचा रंग, नाही लागला तर ऑइल पेंट. ऑइल पेंटवर पाण्याचा रंग थेट धरत नाही, मध्ये प्रायमर हवाच.

एका लिटरमध्ये दोन हात धरून साधारण १०० चौरस फूट होतात. सात बाय तीनचं दार दोन्ही बाजूंनी ४२, चौकट धरून पन्नास. म्हणजे लिटरला दोन दारं. शुभ्र पांढरा घेऊ नका. कमी उजेडाच्या खोलीत पांढरा ऑइल पेंट पिवळा पडतो, त्यापेक्षा आधीपासूनच दुधाच्या सायीच्या रंगाचा घ्या. पातळ दोन हात, मध्ये पूर्ण एक रात्र, आणि दुसऱ्या हाताआधी ३२० चा पेपर अलगद फिरवा.

पावसाळ्यात रंगकाम काढू नकाच. थंडीतही इथं संध्याकाळी दव पडतं. सकाळी दहाला सुरू करून दुपारी दोनला ब्रश टर्पेंटाइनमध्ये टाकायचा. एके दिवशी मी पाचपर्यंत रेटलं. ती खिडकी अजून धुरकट दिसते, आणि आत्या पाहुण्यांना ती आवर्जून दाखवते.

सगळं झालं की आठवडाभर थांबा आणि मग पहिली आग लावा, तीही छोटी. फायर क्लेमधलं पाणी हळूहळू निघायला हवं. एकदम मोठा जाळ केला तर सांधे फुटतात. लाकूड वर्षभर वाळलेलं, विकत घेतलेलं. आम्ही सिल्व्हर ओकचं आणलं. ओलं लाकूड धुराड्यात डांबरासारखा चिकटा धरतं आणि पुढे तोच पेट घेतो. रॉकेल अजिबात नाही. उरलेला रंग छोट्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरून घट्ट बंद करा, वर चिठ्ठी लावा: कुठल्या दाराचा, कुठल्या महिन्यात.