'बेनांग' वाचायला घेताना

किम स्कॉट या ऑस्ट्रेलियन लेखकाची 'बेनांग' (1999) ही कादंबरी एम.ए.च्या मुलांना देण्याआधी मी त्यांना ए. ओ. नेव्हिलबद्दल वाचायला लावते. 1915 ते 1940 पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासींचा कारभार याच्याच हाती. मुलं आईपासून तोडायची, पिढीगणिक वंश 'गोरा' करत न्यायचा, हे त्याचं धोरण.

मग कादंबरी उघडा. निवेदक हार्ली अक्षरशः हवेत तरंगतो. जादुई वास्तववाद (वास्तवात अद्भुत सहज मिसळणारी शैली) म्हणून मोकळे होऊ नका! आजोबाने त्याला घराण्यातला 'पहिला गोरा' म्हणून घडवलंय. नूंगार (नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातले मूलनिवासी) माणसं, भूमी सगळं तुटलं, तर पाय टेकणार कुठे?

कादंबरीत मधे येणारे सरकारी कागद गाळू नका, मोठ्याने वाचा. मला ते दरवेळी जड जातं. शेजारी वंशावळ काढत जा. विल आणि जॅक हे काका आले की वेग कमी करा. हार्लीला आपली माणसं तिथून कळू लागतात.