ऑफ-रोड एसयूव्हीची सुरक्षितता तपासताना : नव्या चाचणी अभियंत्यांसाठी

या क्षेत्रात नव्याने येणारे अभियंते ऑफ-रोड एसयूव्हीचे मूल्यमापन बहुधा धडक-चाचणीत मिळालेल्या ताऱ्यांपासून सुरू करतात. सुरुवात गुरुत्वमध्याच्या उंचीपासून करावी, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे. जमिनीपासूनची उंची, मोठे टायर आणि स्प्रिंगांची लांब हालचाल यांमुळे ही गाडी खडकाळ वाटेवर उपयोगी पडते. डांबरी रस्त्यावर वेगात वळताना मात्र त्याच गोष्टी तिला कलंडण्याच्या जवळ नेतात.

यासाठी रूढ असलेले माप म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागून येणारा स्थैर्य गुणांक. तो जितका कमी, तितकी गाडी लवकर कलंडते. समजा, हे अंतर १.६ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ०.७२ मीटर आहे, तर गुणांक १.११ येतो. आता २,००० किलोच्या या गाडीच्या छतावर, जमिनीपासून १.९ मीटरवर, १०० किलो सामान बांधले, तर गुरुत्वमध्य सुमारे ०.७८ मीटरवर चढतो आणि गुणांक १.०३ पर्यंत घसरतो. शिवाय हे गणित गाडीला अवघा दगडी ठोकळा मानते. प्रत्यक्षात वळणावर स्प्रिंग आणि टायर दबतात आणि खरी मर्यादा याहून खाली येते. म्हणून रिकाम्या गाडीचा आकडा पुरेसा मानू नये. लोक ती ज्या अवस्थेत वापरणार आहेत, त्या अवस्थेत ती मोजावी.

गुरुत्वमध्याची उंची काढताना एक धुरा उचलून दुसऱ्या धुऱ्याखालील वजनकाट्यावर वाढणारा भार नोंदवतात. हे काम दिसते सोपे, पण त्यात फार काळजी लागते. स्प्रिंग आधी जखडून ठेवाव्या लागतात. टाकी अर्धवट भरलेली असली, तर गाडी तिरपी होताच इंधन एका बाजूला सरकते आणि नोंद बिघडते. धुरा थोडाच उचलला, तर भारातील फरक इतका लहान असतो की काट्याची किरकोळ चूकसुद्धा उत्तरात मोठी होऊन उतरते.

गाडी घसरू लागताच निवडक चाकांना आपोआप ब्रेक लावून तिला सावरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल या यंत्रणेने उलटण्याचे अपघात बरेच कमी केले आहेत, परंतु वाळूत किंवा चिखलात चालक ते मुद्दाम बंद करतात. अमेरिकी नियमानुसार इंजिन पुन्हा सुरू होताच ही यंत्रणा आपोआप चालू व्हावी लागते. मात्र कमी वेगाच्या ऑफ-रोड मोडसाठी त्यात सवलत आहे. त्या मोडमधून बाहेर पडताना नेमके काय घडते, हे माहितीपुस्तिकेवर विसंबून न राहता स्वतः चालवून पाहावे.

धडक-चाचणीकडे त्यानंतर वळावे आणि ताऱ्यांपेक्षा अहवालातील तपशील वाचावा. अमेरिकेतील आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेच्या चाचणीत २०१९ सालची चार दारांची जीप रँग्लर समोरच्या कोपऱ्यावरील धडकेनंतर कुशीवर पडली. डमीची (चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याची) हालचाल चांगली आवरली गेली होती आणि चालकाची जागाही शाबूत राहिली होती, तरीही संस्थेने तिला ‘मार्जिनल’ (चारपैकी खालून दुसरी) हीच श्रेणी दिली. मला हा निर्णय पूर्णपणे योग्य वाटतो, कारण गाडी कलंडल्यावर माणूस बाहेर फेकला जाण्याचा धोका उभा राहतो, आणि दारे व छत काढता येणाऱ्या गाडीत तो अधिकच गंभीर असतो.

अहवालात प्रत्येक निष्कर्षाशेजारी भार, टायरचा आकार व त्यातील हवेचा दाब आणि बसवलेली जादा उपकरणे यांची नोंद अवश्य करावी. नंतर कोणी स्प्रिंग बदलून गाडी उंच केली, तर आधीचे आकडे तिला लागू होत नाहीत, हेही तेथेच स्पष्ट लिहावे.